खोली दिसते, भार दिसत नाही

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या, म्हणजे मार्गिका ५ च्या, आखणीत भिवंडीतला धामणकर नाका हे एक स्थानक आहे. मेट्रोचे स्थानक कुठे होणार हे ठरले की तिथे गाडीच्या कितीतरी आधी घरांच्या जाहिराती पोचतात. या जाहिरातींचे रूप आता बदलले आहे. पूर्वी पत्रकावर इमारतीचे एक रंगीत चित्र असे. आता मोबाइलवर बोट ठेवले की अख्खा हॉल उघडतो. मोबाइल डावीकडे वळवला की किचनचा ओटा दिसतो, वर केला की पीओपीचे छत, खाली केला की चकचकीत फरशी. घर अजून बांधलेले नसते, पण आपण त्याच्या मधोमध उभे असतो. याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळली. १९८४ साली बांधलेली ती इमारत तेव्हा ३६ वर्षांची होती. मृतांची संख्या चाळीसच्या आसपास गेली आणि त्यांतले बहुतेक जण झोपेत होते. मोबाइलमधली खोली आणि ढिगाऱ्याखाली गेलेली खोली या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो, कारण खोली पाहायची आपली सवय बदलते आहे आणि त्या सवयीचा घराच्या सुरक्षिततेशी संबंध आहे. माझे म्हणणे असे की, खोलीचा पॅनोरामा दाखवणाऱ्याने तिची मापे आणि तिचा भार पेलणारा सांगाडा त्याच पॅनोरामात दाखवावा, आणि जे दाखवले त्याला करारात लिहिलेल्या शब्दाइतकेच बांधील राहावे. यामागची कारणे तंत्रात आहेत, म्हणून आधी तंत्राकडे पाहू.

इंटिरिअरचे सॉफ्टवेअर वापरणारा आधी नकाशावरून भिंती उभ्या करतो, दारे-खिडक्या कापतो, तयार संग्रहातून सोफा, पलंग, पडदे आणून ठेवतो, दिवे लावतो आणि मग खोलीतल्या एका बिंदूवर कॅमेरा ठेवतो. त्या बिंदूपासून आडव्या ३६० अंशांत आणि उभ्या १८० अंशांत कुठल्या दिशेला कोणता रंग दिसेल, हे संगणक मोजत जातो. तयार होणारे चित्र उंचीच्या दुप्पट रुंद असते. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उलगडून जगाचा नकाशा करतात, तशी खोली त्यात उलगडलेली असते. म्हणून सरळसोट बीमही तिथे कमानीसारखा वाकलेला दिसतो. मोबाइल किंवा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा हे चित्र पुन्हा एका गोलाच्या आतल्या बाजूला लावतो आणि आपल्याला त्या गोलाच्या केंद्रात उभे करतो. यात कसब आहे आणि मेहनतही आहे, याबद्दल वाद नाही. पण या साऱ्या कृतीत एक गोष्ट निसटते. चित्रात प्रत्येक वस्तूची दिशा नोंदली जाते, अंतर नोंदले जात नाही.

ही निसटलेली गोष्ट किती महाग पडते, त्याचा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी खोली घ्या आणि तिच्या मध्यावर, जमिनीपासून चार फुटांवर कॅमेरा ठेवा. आता हिच्या सव्वापट दुसरी खोली घ्या, म्हणजे साडेबारा फूट लांब-रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच, आणि तिच्यात कॅमेरा पाच फुटांवर ठेवा. दोन्ही रिकाम्या खोल्यांच्या दारे-खिडक्याही याच प्रमाणात असतील तर दोन्ही पॅनोरामा तंतोतंत सारखे निघतील. नुसते चित्र पाहून कोणती खोली कोणती हे सांगणे अशक्य आहे. पाहणारा मात्र आपले डोळे जमिनीपासून पाचेक फुटांवर आहेत हे धरूनच पाहत असतो, कारण उभ्या माणसाला जगाचे माप तिथूनच कळते. त्यामुळे कॅमेरा फक्त एक फूट खाली उतरवला की शंभर चौरस फुटांची खोली त्याला दीडशे चौरस फुटांच्या वर भासू लागते. कोणी खोटे बोललेले नाही, एकही भिंत हललेली नाही. दाराची उंची किंवा पलंगाची लांबी पाहून चाणाक्ष माणूस सावध होईल असे म्हणता येईल. पण पलंगही संग्रहातूनच आलेला असतो. साडेसहा फुटांचा पलंग नव्वद टक्क्यांवर आणला तर तो सहा फुटांच्याही आत येतो आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा आपोआप वाढते. व्हीआर चष्म्यात दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे दिली तर अंतराची जाणीव येते हे खरे, पण तिथेही दोन कॅमेऱ्यांमधले अंतर माणसाच्या डोळ्यांइतके, म्हणजे साधारण साडेसहा सेंटीमीटर, न ठेवता कमी केले की तीच खोली मोठी वाटते.

मोठ्या बंगल्यात फूटभराचा फरक कोणाला जाणवणारही नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात तो जाणवतो. नॅशनल बिल्डिंग कोडने राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर आणि किमान रुंदी २.४ मीटर धरली आहे; म्हणजे जेमतेम १०२ चौरस फूट आणि आठ फुटांच्या आत रुंदी. भिवंडीत मागावर काम करणारी किती तरी माणसे याहूनही लहान खोलीत राहतात, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर टेकतो. आयुष्यभराची पुंजी लावून अशा खोलीतून वन बीएचकेमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला सोफ्याच्या रंगाहून वेगळे प्रश्न असतात. कपाटाचे दार पूर्ण उघडेल का? पलंगाशेजारी खाली एक अंथरूण घातल्यावर रात्री उठलेल्याला मोरीपर्यंत जायला वाट उरेल का? देव्हारा कुठे, गव्हाची कोठी कुठे, म्हातारीची खाट कुठे? या प्रश्नांची उत्तरे इंचांत असतात आणि पॅनोरामात इंच नसतात.

पाहणाऱ्याला चारही बाजूंनी चित्राने वेढायचे आणि चित्राची कड त्याच्या नजरेला पडू द्यायची नाही, ही युक्ती संगणकाने आणलेली नाही. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये तिच्यासाठी खास गोल इमारत उघडली. प्रेक्षकांना अंधाऱ्या वाटेने आत नेत, म्हणजे बाहेरच्या उजेडाची आणि अंतरांची आठवण पुसली जाई. वरची कड छताने झाकलेली असे, खालची कठड्याने. सन १८०० मध्ये रॉबर्ट केर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे असेच भव्य चित्र लंडनमध्ये मांडले आणि ते पाहायला गर्दी लोटली. टिपू सुलतान पडला ती लढाई आपण डोळ्यांनी पाहिली, या भावनेने लोक बाहेर पडले असतील. पोर्टर स्वतः श्रीरंगपट्टणला गेलेलाच नव्हता. वेढून टाकणाऱ्या चित्रापुढे ‘हे कोणी आणि कशावरून काढले’ हा प्रश्न मागे पडतो, याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. चौकटीतले चित्र पाहताना आपण चौकटीबाहेर असतो, म्हणून शंका घ्यायला जागा राहते. पॅनोरामा ती जागा काढून घेतो.

उजेडाचीही तीच कथा. सॉफ्टवेअरला जागेचे अक्षांश सांगितले तर ते सूर्य बरोबर ठिकाणी आणते, आणि ही मोठी उपयोगाची सोय आहे. पण अक्षांश भरायचे राहिले आणि मूळचा चाळीस अंशांवरचा एखादा परदेशी सूर्य तसाच राहिला तर काय होते पाहा. भिवंडी साधारण १९.३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. चाळीस अंशांवरच्या गावात तो २७ अंशांच्याही खाली असतो. सात फूट उंचीच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून भिवंडीत तेव्हा ऊन साडेसहा फुटांपर्यंत आत येईल, त्या दुसऱ्या गावात चौदा फुटांपर्यंत. शिवाय हे सगळे समोर काही नसेल तर. चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत किंवा मागाच्या गाळ्याचे पत्रे असतील तर ऊन कुठून येणार? पॅनोरामातल्या खिडकीत मात्र निळे आकाश आणि दोन माडांचे शेंडे असतात, कारण तेही संग्रहात तयार मिळतात.

इथपर्यंत प्रश्न फसगतीचा होता. आता भाराकडे येतो, कारण माझ्या लेखी खरा प्रश्न तिथे आहे. सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे एक पृष्ठभाग असतो. तो खोडायला एक कळ पुरते, सरकवायला एक ओढ. हॉल आणि किचनमधली भिंत काढली की पॅनोरामा खुलून दिसतो, आणि घरमालकाच्या मनात ते मोकळे घर घर करून बसते. त्या भिंतीच्या कोपऱ्यात नऊ इंच बाय अठरा इंचांचा कॉलम आहे, वरून बीम गेला आहे, हे चित्रात बहुधा उरलेले नसते; कॉलमचा भिंतीबाहेर आलेला कोपरा ‘नीट दिसत नाही’ म्हणून पॅनेलमागे लपवलेला असतो किंवा काढूनच टाकलेला असतो. जुन्या, कॉलम नसलेल्या बांधकामात तर भिंतच भार पेलते. तिथे भिंत काढणे म्हणजे कॉलम काढण्यासारखेच आहे. फरशीचे उदाहरण आणखी बोलके आहे. पॅनोरामात फरशी बदलणे हे रंग बदलण्याइतके सोपे असते. प्रत्यक्षात जुनी न काढता तिच्यावर नवी बसवली तर एक सेंटीमीटर जाडीची टाइल आणि खाली चार सेंटीमीटर मसाला मिळून दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन वाढते. दहा बाय बाराच्या खोलीत हे अकराशे किलोंच्या वर जाते. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामान यांचा भार म्हणून आपल्या भारतीय मानकाने दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरलेले आहेत. म्हणजे नुसत्या हौसेच्या फरशीने त्यातला निम्मा वाटा कोणी घरात पाऊल टाकण्याआधीच खाऊन टाकलेला असतो. पडद्यावरच्या फरशीला वजन नसते. स्लॅबवरच्या फरशीला असते.

हे कागदावरचे भय नाही. घाटकोपरमधली सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत कॉलमना धक्का लावल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला. भिवंडीच्या शेजारी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन तळापर्यंत आला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. वर फरशीचे काम चालू होते. या दोन्ही ठिकाणी कोणी राक्षसी कृत्य करायला निघालेले नव्हते. जागा नीट करायची, नवी करायची, ही तुमच्या-माझ्या घरात असते तीच इच्छा होती. आणि नव्या इमारतीत हा धोका नाही, असे समजून निर्धास्त राहता येत नाही. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे जिलानीच्या चारच आठवडे आधी, पडली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. तिथे १६ जीव गेले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्यच करतो. जिलानी इमारत कुठल्या चित्रामुळे पडली नाही. इमारती पडतात त्या निकृष्ट सिमेंटमुळे, परवानगी नसलेल्या वाढीव मजल्यांमुळे, गळतीमुळे, गंजलेल्या सळ्यांमुळे आणि दुर्लक्षामुळे. त्याचा दोष एखाद्या डिझायनरच्या संगणकावर ढकलणे अन्यायाचे होईल. मी दोष ढकलत नाही. मी साखळीतला एक दुवा दाखवतो आहे. घराच्या डागडुजीत निर्णय कधी होतो? ठेकेदार हातोडा उचलतो तेव्हा नाही. तो त्याआधी, पडद्यावरची मोकळी खोली पाहून सगळ्या कुटुंबाने ‘हेच हवे’ म्हटले, त्या क्षणी झालेला असतो. त्यानंतर ‘इथे कॉलम आहे, हे जमणार नाही’ असे सांगणारा अभियंता आला तर तो शुभकार्यात अपशकुन करणारा वाटतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींत अशा फेरबदलांना समितीची लेखी परवानगी लागते हे अनेकांना ठाऊक असते, तरी ती मागितली जाते कामगार येऊन पोचल्यावर. म्हणून भाराची गोष्ट निर्णयाच्या क्षणी, त्याच चित्रात, डोळ्यांपुढे असली पाहिजे. गळतीचेही तसेच. गंज चढला की सळई फुगते, तिच्यावरचे काँक्रीट फुटून पोपडे पडतात. फॉल्स सीलिंग लावले की हे दिसणे थांबते, होणे थांबत नाही. छत झाकलेला पॅनोरामा दाखवणाऱ्याने छत झाकण्यापूर्वीचा फोटोही सोबत दाखवावा, ही मागणी मला मुळीच जाचक वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नकाशा वाचता येणे ही मूठभरांची विद्या आहे. आर्किटेक्टच्या कागदावरच्या दुहेरी रेघा, तुटक रेघा आणि बाण पाहून घर डोळ्यांपुढे आणणे सामान्य माणसाला जमत नाही, आणि आजवर बिल्डरांनी त्याचा भरपूर फायदा घेतला. पॅनोरामाने ही भिंत पाडली. ओट्यापुढे दिवसाचे कित्येक तास उभ्या राहणाऱ्या बाईला पहिल्यांदाच घर बांधले जाण्याआधी सांगता येते की, फ्रीजचे दार या बाजूला उघडून चालणार नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजोबांनाही मत देता येते. हे लोकशाहीकरण आहे. मग त्यावर अटी लादून ते पुन्हा तज्ज्ञांच्या ताब्यात का द्यायचे? हा आक्षेप घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही, कारण ज्या माणसाची बाजू ते घेतात त्याचीच मीही घेतो. पण नकाशा न वाचणाऱ्याच्या हातातून नकाशा काढून घेऊन त्या जागी अंतर नसलेले चित्र ठेवले, तर त्याचे अज्ञान कमी होत नाही, त्याला आपण अज्ञानात आहोत याचा पत्ता मात्र लागेनासा होतो. नकाशापुढे बसलेला माणूस निदान म्हणायचा, ‘साहेब, मला यातले कळत नाही, समजावून सांगा.’ पॅनोरामा पाहणारा तसे म्हणणार नाही. त्याला सगळे दिसते आहे. म्हणूनच माप आणि सांगाडा त्याच चित्रात हवा. खोलीच्या भिंतीवर बोट ठेवले की लांबी उमटावी, कॅमेऱ्याची उंची कोपऱ्यात लिहिलेली असावी, आणि एक कळ दाबली की पडदे, पॅनेल, पीओपी विरून जाऊन कॉलम, बीम आणि न पाडण्याच्या भिंती गडद रंगात उभ्या राहाव्यात. लिहिता न येणाऱ्या आजोबांनाही लाल रंगाची भिंत कळते. नकाशाला न जमलेले काम पॅनोरामा इथे करू शकतो, आणि त्याच्याकडून माझी खरी अपेक्षा ही आहे.

कायदा याच्या किती आड येतो? उलट तो अर्ध्या वाटेवर आलेला आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १२ मध्ये म्हटले आहे की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांच्या भरवशावर कोणी पैसे भरले आणि त्यातील चुकीच्या माहितीमुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची. जाहिरातीची व्याख्याही कायद्याने रुंद ठेवली आहे, कोणत्याही माध्यमातली प्रसिद्धी तिच्यात बसते. मग पॅनोरामा म्हणजे मोबाइलमधली नमुना सदनिकाच आहे, असे म्हणायला काय हरकत आहे? चटई क्षेत्राची व्याख्याही स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी वगळून आणि आतल्या भिंती धरून मोजायचे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाने, जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला, म्हणजे ग्राहकाला प्रकल्पाच्या नोंदणीची माहिती एका क्षणात उघडता येते. पुढचे पाऊल अवघड नाही. ग्राहकाला जो पॅनोरामा दाखवला त्याची फाइल तारखेसह त्याच नोंदीत ठेवावी आणि विक्री कराराला जोडावी. आज जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ असे लिहून सुटका करून घेतली जाते. कल्पनाचित्रावर कर्जाचे हप्ते मात्र खरे भरावे लागतात.

तरीही कायद्यावर सगळा भार टाकता येणार नाही, आणि भिवंडीत तर नाहीच. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प या कायद्याच्या नोंदणीतून सुटतो. जुन्या घराची फेरविक्री आणि राहत्या घरातले फेरबदलही त्याच्या कक्षेत येत नाहीत. महानगरपालिका अधिनियमात तीस वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक परीक्षणाची तरतूद आहे. जिलानी ३६ वर्षांची होती हे पुन्हा सांगायला नको. आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घेण्यासाठी तसा कुठलाही परवाना लागत नाही. सॉफ्टवेअर शिकलेला हुशार मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या दिवसापासून काम घेऊ शकते. मी याला वाईट म्हणत नाही, कारण यंत्रमागाच्या पलीकडचा रोजगार या गावातल्या मुलांना हवाच आहे. पण जिथे परवाना नाही तिथे व्यवसायाने स्वतःची रीत घालून घ्यावी लागते. सुतार लाकूड कापण्याआधी दोनदा मोजतो, ती रीत त्याला कोणत्या कायद्याने शिकवलेली नाही.

‘आम्ही कलावंत आहोत, आमचे काम कल्पना दाखवण्याचे’, असेही ऐकू येते. घराची कल्पना जरूर दाखवावी. कवी चंद्र खाली आणतो, त्याला कोणी अभियंत्याचा दाखला मागत नाही, कारण त्या चंद्राखाली कोणी झोपणार नसते. खर्चाची तक्रार तर टिकतच नाही. आर्किटेक्टकडून आलेल्या संगणकीय नकाशात कॉलम वेगळ्या थरावर आखलेले असतात; भिंती उभ्या करतानाच ते समोर असतात. कॅमेऱ्याची उंची सॉफ्टवेअर स्वतःच दाखवते. म्हणजे मी मागतो आहे त्यातले बहुतेक आधीच हाताशी आहे, ते फक्त लपवू नये. जुन्या इमारतीत नकाशाच सापडत नाही, ही अडचण खरी आहे. तिथे सांगाडा कुठे आहे हे ओळखायला परवानाधारक संरचना अभियंत्याला बोलवावे लागेल आणि त्याची फी द्यावी लागेल. ही फी टाळायची असेल तर भिंत पाडण्याचा बेतही टाळावा, इतके साधे गणित आहे.

एक इशारा दुसऱ्या बाजूनेही द्यायला हवा, कारण तंत्राच्या प्रेमात पडून उलटी चूक होऊ शकते. इमारतीच्या खोल्यांचे ३६० अंशांचे फोटो काढले की परीक्षण झाले, असे कोणी म्हणू लागले तर ते धोक्याचे आहे. आठ हजार पिक्सेल रुंदीच्या पॅनोरामात एका अंशाला सुमारे २२ पिक्सेल येतात. तीन मीटरवरच्या भिंतीतली एक मिलिमीटरची भेग त्यात अर्धा पिक्सेलही भरत नाही. अशी भेग हाताने चाचपून, खुणा करून, महिन्या-महिन्याने मोजून पाहायची असते. काँक्रीटची ताकद ठोकून आणि नमुना काढून तपासायची असते. पॅनोरामा फार तर नोंद ठेवेल की गेल्या पावसाळ्यापूर्वी या छताला डाग नव्हता आणि आता आहे. तेवढी नोंदही मोलाची आहे, पण ती अभियंत्याची जागा घेणार नाही.

म्हणून घर घेणाऱ्यांना आणि घर नवे करणाऱ्यांना माझे सांगणे आहे: मोबाइलमध्ये खोली फिरवून झाली की दोन गोष्टी विचारा, कॅमेरा किती उंचीवर आहे आणि कॉलम कुठे आहेत. उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका आणि भिंतीला हात लावू नका. आणि पडद्यापुढे बसून ही खोली घडवणाऱ्या तरुणांना विनंती आहे. तुमच्या फाइलमध्ये कॉलमचा थर असतो. ग्राहकाला पॅनोरामा पाठवताना तो चालू ठेवा.